फ्लेक्स लागलेला पोरगा टोळीत पेरणार कसा?

प्रश्न थोडक्यात असा: "'द डिपार्टेड' पाहिला. त्यात पोलिसांचा माणूस टोळीत आणि टोळीचा माणूस पोलिसात, दोघंही वर्षानुवर्षं. असं खरंच होतं का? आपल्या नागपुरात होऊ शकतं का? आणि सिनेमातलं खरं किती?" विचारणारा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

मी शहर पोलिसात ३१ वर्षं काढली. त्यातली निम्मी ठाण्याच्या गुन्हे शोधणाऱ्या डीबी पथकात आणि गुन्हे शाखेत गेली. तेव्हा आधी सरळ उत्तर देतो: त्या सिनेमातल्या बिलीसारखा माणूस वर्षभर टोळीत पेरून ठेवणं आपल्याकडे जवळपास अशक्य आहे. त्याचं कारण धाडस कमी पडतं हे नाही. कारण फ्लेक्स आहे.

हसू नका. आपल्याकडे पोरगा भरती झाला की निकालाच्या दुसऱ्या दिवशी गावच्या चौकात त्याचा फोटो लागतो. "महाराष्ट्र पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", खाली शुभेच्छुक म्हणून सतरा नावं. मग प्रशिक्षण केंद्रातले दीक्षान्त संचलनाचे फोटो, आईच्या डोक्यावर पोराची टोपी, व्हॉट्सअॅपचे स्टेटस. त्यानंतर सेवापुस्तिका, बक्कल नंबर, पगाराची बँक, पोलीस लाइनमधली खोली. सिनेमात बिलीची ओळख दोनच अधिकाऱ्यांना ठाऊक असते आणि त्याची फाइल एका कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद असते. आमच्याकडे शिपायाची बदली झाली तर ती त्याच्या आधी कॅन्टीनवाल्याला कळते.

बिलीबद्दल एक गोष्ट मात्र लेखकाने फार हुशारीने रचली आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्याला टोळीत शिरकाव मिळतो तो खोट्या ओळखीवर नाही, खऱ्या ओळखीवर. त्याच्या बापाकडचे नातलग त्याच मोहल्ल्यातले, काका गुन्हेगारीत मुरलेला. लोकांना तो आधीपासून 'अमक्याचा पोरगा' म्हणून माहीत. बोस्टनचा तो आयरिश भाग असो की आपलं पाचपावली, नवा माणूस आला की पहिला प्रश्न एकच असतो: "कुठला बे तू? कोणाचा?" दुसऱ्या प्रश्नाला मामा निघतो, तिसऱ्याला साळा. या परीक्षेत बनावट आधार कार्ड कामाचं नाही.

आमची एक फजिती सांगतो. रेतीच्या धंद्यातली एक टोळी होती. रात्री ट्रक कुठून निघतात ते पाहायला आम्ही भिवापूरकडचा एक नवा शिपाई रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बसवला. क्लीनरचं सोंग. मळका टी-शर्ट, खांद्यावर दुपट्टा, तोंडात खर्रा. चार दिवस पोराने बेमालूम काढले. टपरीवाला त्याला "काय बे, आज गाडी नाही का?" असं विचारायला लागला होता. पाचव्या दिवशी त्याचा फोन वाजला. ठाण्यातून मुन्शीने हजेरीसाठी लावला होता. पोरगा बाकावरून ताडकन उठला, टाचा जुळल्या आणि तोंडातून निघालं, "जय हिंद सर!"

टपरीवाला काही बोलला नाही. पाच मिनिटांनी त्याने चहा आणून ठेवला आणि विचारलं, "साहेब, साखर बरोबर आहे ना?" सकाळपर्यंत 'बे' होता, दुपारी 'साहेब' झाला. पोराला ते कळलं, तो निमूट उठून आला. त्या रात्रीपासून त्या रस्त्याने एकही ट्रक गेला नाही.

तेव्हा आपल्याकडे पोलीस वेषांतर करतो, पण तासांसाठी. बनावट गिऱ्हाईक म्हणून गांजाच्या सौद्याला जातो, कुंटणखान्यावरच्या धाडीत नंबर लिहून ठेवलेल्या नोटा घेऊन जातो. पंच बाजूला उभे असतात, इशारा ठरलेला असतो, कामगिरी संध्याकाळपर्यंत संपते आणि माणूस घरी जेवायला येतो. अमेरिकेत वर्षानुवर्षांचं काम खरोखर झालेलं आहे. एफबीआयचा जोसेफ पिस्टोन १९७६ पासून पाचेक वर्षं 'डॉनी ब्रॅस्को' या नावाने न्यू यॉर्कच्या बोनॅनो टोळीत वावरला आणि नंतर त्याच्या साक्षीवर खटले उभे राहिले. पण त्यामागे लागतं ते अख्खं यंत्र असतं: खोटं नाव कागदोपत्री जगवणारं ऑफिस, सरकारी वकिलांची आधीची संमती आणि साक्षीनंतर माणसाला कुटुंबासह लपवून ठेवायची सोय.

आपला कायदा या कामासाठी बेतलेलाच नाही. सिनेमात बिली दुकानात घुसून माणसं बडवतो, हप्तेवसुलीला साथ देतो, त्याच्यासमोर मुडदे पडतात. आपल्याकडे टोळीत राहण्यासाठी पोलिसाने मारहाण केली तर त्याला वाचवणारं कलम मला नोकरीत कधी सापडलं नाही. तो सरळ कटातला आरोपी. बरं, टोळीच्या म्होरक्याने दारूच्या नशेत त्याच्याजवळ जुन्या खुनाची कबुली दिली असं समजा. ऐकणारा पोलीस आहे म्हटल्यावर बचावाचा वकील पुरावा कायद्याचं जुनं कलम २५ घेऊन उभा राहणार: पोलिसापुढची कबुली चालत नाही. (आता नवे कायदे आले, आकडे बदलले, आम्हा जुन्यांच्या तोंडून जुनेच निघतात.)

आणि जेल. बिलीला विश्वासार्ह बनवायला आधी तुरुंगात पाठवतात. आपल्याकडे सेंट्रल जेलचं दार पोलिसांच्या हातात नसतं. कारागृह खातं वेगळं, आत जायला कोर्टाचा वॉरंट लागतो, म्हणजे खोटा गुन्हा, खोटी अटक आणि खऱ्या न्यायदंडाधिकाऱ्याची दिशाभूल. ते कोण अंगावर घेईल? जेलच्या भिंतीआड काय चालतं याची बातमी मात्र हवी असते. ३१ मार्च २०१५ ला नागपूरच्या सेंट्रल जेलमधून पाच कैदी पळाले, तेव्हा अख्ख्या राज्याला कळलं की आतली खबर वेळेवर मिळणं किती मोलाचं असतं.

मग आम्ही टोळ्या फोडल्या कशा? दोन गोष्टींवर: कागद आणि मुखबीर.

कागदाचं पटकन सांगतो, कारण त्यात थरार नाही. मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा कायदा. तो लावायला मागच्या दहा वर्षांत कोर्टाने दखल घेतलेली एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखवावी लागतात, गुन्हा नोंदवायला वरिष्ठांची आधी मंजुरी लागते. पण एकदा लागला की आरोपपत्राला १८० दिवस मिळू शकतात आणि उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली कोर्टात चालते. फोन ऐकायचा तर गृह सचिवांचा आदेश, तोही ६० दिवसांचा, ओढून ओढून १८०. तडीपारी आणि एमपीडीएच्या (धोकादायक गुंडाला खटल्याआधीच स्थानबद्ध करायचा कायदा) प्रस्तावात घाबरलेल्या लोकांचे गोपनीय जबाब असतात. त्यात नाव नसतं, 'साक्षीदार अ' आणि 'साक्षीदार ब' एवढंच. लोक म्हणतात पोलिसांनी टोळी 'ठोकली'. खरं तर दोन हवालदार आणि एक लेखनिक महिनाभर जुनी आरोपपत्रं जुळवत बसलेले असतात.

मुखबिराचं मात्र निवांत सांगायला हवं, कारण तुझ्या सिनेमातला खरा बिली तोच आहे. आम्ही टोळीत माणूस पेरत नाही, टोळीत आधीच असलेल्या माणसाला फितवतो. त्याला 'कोणाचा' हा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझा एक होता. इथे मास्तर म्हणू. सट्ट्याच्या खायवाडीत, म्हणजे सट्टा लावून घेणाऱ्याकडे, हिशेब लिहायचा, त्याच्या मालकाचं नंतर जमिनी बळकावणाऱ्या टोळीशी साटंलोटं झालं. अकरा वर्षं तो मला खबर देत होता. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर 'पाणी टँकर' नावाने होता. आम्ही कधी हॉटेलात भेटलो नाही, कधी अंबाझरीवर नाही, कधी रात्री नाही. भेटायचो सरकारी मेडिकल हॉस्पिटलच्या ओपीडीच्या रांगेत, सकाळी नऊला. तिथे आमदाराचा नोकर आणि खुनातला आरोपी एकाच रांगेत उभे असतात आणि 'इथे काय करून राहिला?' असं कोणी विचारत नाही. हातात चिठ्ठी, मान खाली.

"कसं आहे बीपी?" मी विचारायचो.

"वाढूनच राहिलं. मोठे पाहुणे शुक्रवारी येऊन राहिले. कळमन्याच्या अंगाने. सामान सोबत आहे म्हणते."

सामान म्हणजे गावठी कट्टा, पिस्तूल. एवढंच बोलून तो पुढच्या खिडकीकडे सरकायचा.

तो खबर का देत होता? सुरुवातीला मला वाटलं पैशासाठी. गोपनीय निधी असतो, पण अशा वेळी बहुतेकदा अंमलदारच खिशातून पाचशे-हजार काढतो, आणि तेवढ्यासाठी कोणी जीव धोक्यात घालत नाही. तीन वर्षांनी त्याने स्वतःच सांगितलं. त्याच्या बहिणीचा हुडकेश्वरकडे प्लॉट होता. तिच्या नवऱ्याने हप्ते भरून घेतलेला. त्याच्याच मालकाच्या दोस्तांनी एका रात्रीत त्याला तारेचं कुंपण घातलं, आणि त्या व्यवहाराचा हिशेब मास्तरला स्वतःच्या हाताने लिहावा लागला. माझ्या अनुभवात मुखबिराची कारणं तीनच: हेवा, भीती आणि असा एखादा प्लॉट. पैशासाठी येणारा उद्या तुमची खबरही विकतो.

त्याच्या खबरीवर आम्ही धाड घातली तेव्हा एक पेच पडला. अड्ड्यावरची बाकी सगळी माणसं सापडली आणि हा एकटा सुटला असता तर संध्याकाळी त्याचा गेम झाला असता. तो सट्ट्यात होताच, म्हणून आरोपींच्या यादीत त्याचंही नाव घातलं. सतरा दिवस आत राहिला. बायकोने स्कूटर विकून जामीन केला. मी तिला ओळख दाखवू शकत नव्हतो. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने मला शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या. सिनेमात बिली मानसोपचारतज्ज्ञ बाईपुढे बसून सांगतो की झोप लागत नाही, हात मात्र थरथरत नाहीत. मास्तरला तेवढीही सोय नव्हती. त्याला खरोखरच बीपी झालं.

कायदा एका बाबतीत मुखबिराच्या बाजूने आहे. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे पोलिसाला कोर्टात सांगायला भाग पाडता येत नाही, पुरावा कायद्याचं जुनं कलम १२५. वकील तासभर खोदून विचारतो आणि आपण म्हणतो, "गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाली." पंचनाम्यातलं हे एक वाक्य लोकांना थापेबाजी वाटतं, आणि कधी कधी असतेही. पण त्या वाक्याच्या आड एखादा मास्तर उभा असतो.

आता उलटी बाजू. टोळीचा माणूस पोलिसात. सिनेमात टोळीचा म्होरक्या कॉस्टेलो सलिव्हन नावाच्या पोराला लहानपणापासून किराणा देऊन वाढवतो आणि पोलिसात घुसवतो. हे मला पटलं नाही. एवढी वर्षं कोण थांबेल? तयार माल मिळतो. आणि तो नेहमी विकत घ्यावाही लागत नाही. कोणी जुन्या यारीपोटी सांगतो, कोणी नुसता फुशारकीत बोलून जातो.

याची किंमत नागपूरने पाहिली आहे. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायकांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला भर कोर्टात ठार मारलं. बाहेरच्या जगाने त्यावर पुष्कळ लिहिलं, सिनेमेही निघाले. पण त्या बायका जे सांगत होत्या त्यातली एक गोष्ट आम्हा वर्दीवाल्यांना कायमची टोचावी अशी होती: ठाण्यात तक्रार केली की ती त्याच्या कानावर जाते. सिनेमातला सलिव्हन सुटाबुटात वावरतो, आलिशान फ्लॅटमध्ये राहतो, म्हणून तो खास माणूस वाटतो. वस्तीतल्या बाईच्या दृष्टीने ठाण्यातलं नुसतं एक सैल तोंड म्हणजे सलिव्हनच.

म्हणूनच सिनेमातलं फसलेल्या धाडीचं प्रकरण मला सगळ्यात खरं वाटलं. कॅमेरे लावलेत, अधिकारी स्क्रीनपुढे दाटीवाटीने उभे आहेत, आणि मागच्या बाजूला कॅमेराच नाही. टोळी मागच्या बाजूने बोटीतून निघून जाते. त्यानंतर त्या खोलीतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे ज्या नजरेने पाहतो ना, ती नजर मी पाहिली आहे. धाड कोरडी गेली की पहिला प्रश्न 'का' नसतो, 'कोणाला माहीत होतं' हा असतो. त्यावर आमचे उपाय साधे होते. कामठीला जायचं असेल तर गाड्या हिंगण्याच्या नावाने काढायच्या. मोबाइल एका पिशवीत. पंचांना गाडीत बसल्यावर सांगायचं. एकदा संशय फार वाढला तेव्हा साहेबांनी तीन माणसांना तीन वेगळे पत्ते सांगितले आणि कोणत्या पत्त्यावरून माणसं गायब होतात ते पाहत बसले. एका पत्त्याला दुपारीच कुलूप लागलं. पुढचं सांगत नाही.

दुसरं अस्सल दृश्य पाकिटाचं. टोळीतल्या माणसांची माहिती भरलेलं एक पाकीट असतं, त्यावर बिलीच्या हातचा एक शब्द. तेच पाकीट त्याला सलिव्हनच्या टेबलावर दिसतं आणि सगळा उलगडा होतो. गोळी नाही, पाठलाग नाही, अक्षर. तपास असाच उलगडतो. एका खंडणीच्या प्रकरणात आमचा आरोपी सापडला तो 'पाहिजे' हा शब्द नेहमी 'पायजे' असा लिहायचा म्हणून. धमकीच्या चिठ्ठीतही तेच, आणि त्याने दुकानात ठेवलेल्या उधारीच्या वहीतही तेच.

हा सिनेमा २००६ चा. मार्टिन स्कोर्सेसीला दिग्दर्शनाचं ऑस्कर याच्यावरच मिळालं, सिनेमाला एकूण चार मिळाली. पण गोष्ट मूळची बोस्टनची नाही, हाँगकाँगची आहे. २००२ च्या 'इन्फर्नल अफेअर्स'चा हा अमेरिकी अवतार. मला विचाराल तर पोलिसी काम मूळ सिनेमात जास्त नेटकं आहे. पेरलेला माणूस बोटांच्या टकटकीने मोर्समध्ये खबर देतो आणि खोलीत सगळे श्वास रोखून ऐकतात. अमेरिकी सिनेमात शिव्या आणि रक्त दोन्ही भरपूर. हिंसेतली एकच गोष्ट मला खरी वाटली: लिफ्टचं दार उघडतं आणि वाक्य पुरं होण्याआधी माणूस पडतो. खून असाच होतो, पार्श्वसंगीत नसतं. आपल्या शहरात तर बंदुकीपेक्षा चाकू जास्त पाहिले, आणि कारण काय, तर "घूरून पाहून राहिला होता."

कॉस्टेलोमागचा खरा माणूस कोण हे कळलं की सिनेमा थोडा फिका पडतो. बोस्टनचा जेम्स 'व्हायटी' बल्जर. तो टोळीचा म्होरक्या आणि त्याच वेळी एफबीआयचा खबऱ्या. त्याला सांभाळणारा एजंट जॉन कॉनोली त्याच्याच भागातला, लहानपणापासून ओळखणारा. डिसेंबर १९९४ मध्ये अटक होणार हे कॉनोलीने कळवलं आणि बल्जर पसार झाला, तो १६ वर्षांनी, २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला, वय ८१. पुढे ११ खुनांत त्याचा हात असल्याचं कोर्टात सिद्ध झालं. कॉनोली स्वतः तुरुंगात गेला. इथे कोणाला पेरावं लागलं नाही. खबर घेता घेता खबर घेणारा समोरच्याचाच होऊन बसला. ही भीती मला माझ्या नोकरीत सिनेमातल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा जास्त जवळची वाटते. मुखबीर म्हणतो, "साहेब, माझ्या भाच्याची केस जरा पाहा न." एकदा पाहता. पुढच्या वेळी तो 'पाहा' म्हणत नाही, 'पाहून घ्या' म्हणतो. त्या एका शब्दाच्या फरकावर कान ठेवायचा. आमच्या एका जुन्या साहेबांचा नियम होता की दर दोन वर्षांनी मुखबीर दुसऱ्या अंमलदाराकडे सोपवायचा. मी तो मास्तरच्या बाबतीत पाळला नाही, आणि भाच्याची केस मीही एकदा पाहिली आहे.

मास्तर किडनीच्या आजाराने गेला. गंगाबाई घाटावर मी गेलो, पण शेजारी दुसऱ्या कोणाची अंत्ययात्रा आली होती, तिच्यात उभा राहिलो. सिनेमात बिलीला सलामी मिळते. इथे मास्तरच्या मालकाची माणसं खांदा द्यायला पुढे होती.

आता शेवटच्या उंदराचं. सिनेमा संपताना खिडकीच्या कठड्यावरून एक उंदीर चालत जातो, मागे सोनेरी घुमट. फितुराला इंग्रजीत उंदीर म्हणतात ते दोन तास ऐकवून झाल्यावर पुन्हा दाखवायची काही गरज नव्हती. मला तर हसू आलं. आमच्याकडे उंदराशी संबंध येतो तो मालखान्यात. जप्तीच्या गांजाचं पोतं कुरतडून ठेवतात आणि सुनावणीत वजन कमी भरलं की वकील आमच्याकडे बघतो.